सहा फूट पाच इंच, वय सतरा : बास्केटबॉलवर पोट भरतं का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. गेला आठवडाभर डोक्यात एकच विषय आहे म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, पण पूर्ण वाचा आणि मोकळेपणाने सांगा. एका मुलाचा प्रश्न आहे.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खेळलो, दोनदा राज्य स्पर्धेला गेलो, मग नोकरी लागली आणि खेळ सुटला. अकरा वर्षांपासून शिफ्ट सांभाळून संध्याकाळी मुलांना शिकवतो. सिमेंटचं उघडं कोर्ट आहे, पावसाळ्यात जवळजवळ बंदच. दोन वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातला एक मुलगा आला. तेव्हा सहा फूट एक इंच होता, आता सहा-पाच आहे आणि अजून वाढतोय. वय सतरा, बारावी सायन्स. एसटीने येतो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून सराव अर्धा टाकून पळतो. पोराचे हात मऊ आहेत. ज्यांनी उंच मुलांना शिकवलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. बहुतेक उंच मुलांच्या हातावर बॉल आदळतो आणि उडतो, याच्या हातात तो बसतो.

आता परराज्यातल्या एका अकादमीने त्याला बोलावलंय. राहणं, जेवण, बूट, सगळं फुकट. गेल्या रविवारी त्याचे वडील स्वतः कोर्टवर आले. त्यांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. पायरीवर बसून तासभर सराव बघितला आणि मग म्हणाले, "सर, पोरगं चांगलं खेळतंय ते दिसतंय मला. पण यावर त्याचं पोट भरंल का?"

मी त्यांना सतनाम सिंगची गोष्ट सांगायला घेतली. तोही शेतकऱ्याचाच मुलगा. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के हे त्याचं छोटंसं गाव. लहानपणीच लुधियानाच्या अकादमीत गेला, तिथे डॉ. शंकरन सुब्रमणियन यांच्या हाताखाली तयार झाला. २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळून फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजी येत नव्हतं. आणि २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२व्या क्रमांकावर उचललं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. वय एकोणीस, उंची सात फूट दोन इंच. त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो. फोनवर बातमी वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मुलांना मी ही गोष्ट इतकी वर्षं इथपर्यंतच सांगत आलो. वडिलांनी विचारलं, "मग पुढं?"

पुढचं सांगताना माझ्याच लक्षात आलं की खरी गोष्ट तिथून सुरू होते. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या असतात, नावं ६०. पहिल्या फेरीतल्या ३० जणांना पक्का करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नसते, त्याच्याशी करार करण्याचा हक्क फक्त त्या संघाकडे जातो. सतनाम दुसऱ्या फेरीतला. उन्हाळ्यात नव्या खेळाडूंना आजमावणारी समर लीग खेळला, मग डॅलसच्या दुय्यम संघात, टेक्सास लेजंड्समध्ये, दोन सीझन. त्या लीगचा पगार २०१६-१७ मध्ये सीझनला १९,००० ते २६,००० डॉलर. तिथे राहून एवढ्यात भागवणं सोपं नाही, पण मला पैशाचं तितकं वाटत नाही. मला वाटतं ते सामन्यात खेळायला मिळालेल्या मिनिटांचं. तिथेही तो बहुतेक वेळ बेंचवरच होता. एनबीएचा एकही सामना त्याच्या नावावर नाही. २०१७ ला परत आला. पुढे कॅनडात सेंट जॉन्स एजकडून खेळला, २०१९ ला उत्तेजक चाचणीत अडकला, दोन वर्षांची बंदी आली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत गेला.

सेंटरचा, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, खेळ एकोणीस ते बावीस या वयात पिकतो. पाठीवर माणूस घेऊन कुठे वळायचं, फाउल न देता हात कसा वर ठेवायचा, हे सामन्यातच कळतं. नेमक्या त्या वयात सतनाम ट्रॅकसूट घालून बसून राहिला. हे माझं मत, पण पक्कं मत आहे.

त्या अकादमीच्या माणसाला मी फोनवर विचारलं, वर्षात किती सामने खेळेल हा? ते मेस, हॉस्टेल, जिम यावरच बोलत राहिले. तिथे याच्याएवढी आणि याच्याहून उंच वीसेक मुलं आहेत.

पाठवू का नको? वडिलांना पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय.

वाचनवेडी

सतनामचं पुढचं आज पहिल्यांदा कळलं. धागा वाचनखुणेत ठेवलाय.

मनमाडकर

सातपूरकर सर, मी रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागलोय. खेळ वेगळा, पण वाट तीच. वडिलांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो : भरतं, पण बास्केटबॉल खेळून मिळालेल्या नोकरीवर भरतं. आपल्याकडे सीनिअर नॅशनलला उतरणारे संघ बघा. रेल्वे, सर्व्हिसेस आहेत, खात्यांच्या स्पर्धांत ओएनजीसी असतं. विशेष भृगुवंशी भारताचा कर्णधार होता, अर्जुन पुरस्कार मिळाला, ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड थर्टी-सिक्सर्सने सरावासाठी करार केला, आणि नोकरी ओएनजीसीत. अनिता पॉलदुराईला पद्मश्री मिळाली, तीही दक्षिण रेल्वेत.

लीगचं म्हणाल तर यूबीए लीग २०१५ ला सुरू झाली, पुणे पेशवाज नावाचा संघही होता त्यात. २०१७ नंतर ती बंद. मग २०२२ पासून आयएनबीएल आली. मुलांनी लीग खेळावी, चार पैसे मिळतात, टीव्हीवर दिसतात. पण घर त्यावर उभं करू नये.

रेल्वेत वयाची अट १८ ते २५ आहे. कामगिरीप्रमाणे लेव्हल १ पासून लेव्हल ५ पर्यंत भरती होते. म्हणजे या मुलाच्या हातात आठ वर्षं आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ते वेगळं, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. एक काम आजच करा : शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावा. माझा एक मित्र शालेय स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र हरवल्यामुळे दोन वर्षं मागे पडला. खेळात तो माझ्याहून सरस होता.

पॉईंटगार्ड

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मिनिटांचा हिशेब मला पटला नाही. नाशिकमध्ये तो रोज तीस मिनिटं खेळेल, पण समोर कोण? पाच फूट दहा इंचांची पोरं. त्यांच्या डोक्यावरून बॉल टाकून रिंगमध्ये घालायचा, यात तो काय शिकणार? मी स्वतः असा वाया गेलेला मुलगा बघितलाय. गावात राजा होता. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा आपल्याएवढा माणूस समोर आला आणि पहिल्या क्वार्टरमध्ये चार फाउल घेऊन बाहेर बसला.

लुधियानाचं बळ कशात होतं? एकाच कोर्टवर सहा-दहा, सहा-अकरा उंचीची मुलं रोज एकमेकांवर आदळत होती. अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग तिथूनच आले. २०१४ ला वुहानला भारताने चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ ने हरवलं, त्या संघात हे दोघे होते. बरोबरीचा माणूस सरावात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. माझं मत, जाऊ द्या.

सातपूरकर

पॉईंटगार्ड, तुमचं म्हणणं लागलं मला. खरं आहे, नाशिकमध्ये त्याच्या पाठीला पाठ लावणारा कोणी नाही. मीच पॅड घेऊन ढकलतो त्याला, आणि मी पाच-नऊ. म्हणजे इथेच ठेवणं हे उत्तर नाही, एवढं मान्य.

पण वीस उंच मुलांत विसावा होणं हेही उत्तर नाही. प्रिन्सपाल सिंगचं बघा. तो गुरदासपूरचा, लुधियानातूनच पुढे आलेला. मग दिल्लीजवळची एनबीए अकादमी, तिथून कॅनबेराची ग्लोबल अकादमी, २०२० ला जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या इग्नाइट संघात निवड. संघात जेलन ग्रीन, जोनाथन कुमिंगा. शिकायला याहून चांगली माणसं कुठे मिळणार? पण सीझनमध्ये याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. मग २०२१ मध्ये तो न्यूझीलंडला वेलिंग्टन सेंट्सकडे गेला, आणि त्याच वर्षी समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूतही होता. चांगला सराव आणि प्रत्यक्ष सामने एकाच ठिकाणी मिळाले तर पोर घडतं. मला तशी जागा शोधायचीय.

लेकीची_आई

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, इंदिरानगरला राहतो. सर, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण हाच विषय आमच्या घरात रोज असतो. सासूबाई म्हणतात, "बॉल खेळून कुणाचं भलं झालंय?" मी त्यांना पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव सांगते. आपल्या मराठी घरातली मुलगी भारताची कर्णधार झाली. २०१७ ला बंगळुरूला भारताच्या मुलींनी आशिया चषकाच्या ब गटाची अंतिम लढत कझाकस्तानविरुद्ध दोन गुणांनी जिंकली आणि वरच्या गटात गेल्या. तो सामना आम्ही मायलेकींनी फोनवर बघितला, शेवटच्या मिनिटाला ती पलंगावर उभी होती.

मुलींसाठी रेल्वे हाच मोठा आधार आहे का, मनमाडकर दादा? आणि कुणी सांगेल का, सिमेंटवर खेळून तिचा गुडघा सारखा दुखतो. गुडघ्याच्या खाली, पुढच्या बाजूला एक उंचवटा आलाय. डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की ती खेळ बंद होईल म्हणून लपवते.

मनमाडकर

ताई, मुलींच्या सीनिअर नॅशनलमध्ये वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा आहे. चांगल्या मुलींना रेल्वे शोधत असते. तिला तिसरं वर्ष कॉलेजचं होईपर्यंत खेळू द्या.

कोर्टाकडेला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेज रोडला बसतो. लेकीची_आई, फोरमवरून निदान करत नाही, पण वाढीच्या वयातल्या खेळाडूंमध्ये नडगीच्या हाडाला जिथे मांडीच्या स्नायूचा कंडरा जोडलेला असतो तिथे दुखणं आणि उंचवटा येणं हे फार नेहमीचं आहे. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला. बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं. खेळ कायमचा बंद करावा लागत नाही, उड्या काही दिवस कमी कराव्या लागतात आणि मांडीचे स्नायू ताणून मोकळे करावे लागतात. तिला हे आधी सांगा, मग ती लपवणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना मात्र दाखवाच.

मुलींच्या बाबतीत मला जास्त काळजी एसीएलची वाटते, गुडघ्यातला तो आतला बंध. मुलांपेक्षा मुलींमध्ये तो तुटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का ते बघा. पायरीवरून खाली उडी मारायला लावा आणि समोरून फोनवर व्हिडिओ काढा. आत वळत असतील तर कमरेचे आणि मांडीमागचे स्नायू बळकट करायचे व्यायाम आत्ताच सुरू करा. आठवड्यातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात मुलींना हे कुणी कधी शिकवलेलं नसतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सातपूरकर सर, तुमच्या मुलाबद्दल दुसरी गोष्ट. सतनामच्या नमुन्यात सापडलेला पदार्थ होता हायजेनामाइन. तो काही वनस्पतींत असतो आणि वजन कमी करायच्या किंवा ताकदीच्या डब्यांत मिसळलेला असू शकतो. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कसंही गेलेलं असो. हॉस्टेलमध्ये पोरं एकमेकांचे डबे वापरतात. तुमच्या मुलाला एवढं ठाम सांगा की जिमवाल्याने दिलेली पावडर घ्यायची नाही, आणि सर्दीचं औषधसुद्धा नाडाच्या, म्हणजे उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत तपासल्याशिवाय घ्यायचं नाही. शेंगदाणे, अंडी, दूध, डाळ, बाजरीची भाकरी यावर सहा-पाचचं शरीर उत्तम चालतं. आणि नऊ तास झोप. एसटीने घरी पोचून जेवायला दहा वाजत असतील तर झोपेचा हिशेब आधी करा.

ओझरचा_परदेशी

ओझरला एचएएलच्या कॉलनीत वाढलो, आता बारा वर्षं अमेरिकेत आहे. एक वाट कुणीच बोललं नाही. सतनाम कॉलेज का खेळला नाही? शैक्षणिक पात्रता पूर्ण होत नव्हती म्हणून. त्यामुळे चार वर्षं कॉलेजात खेळून, मिनिटं मिळवून मग ड्राफ्टला जायचा रस्ताच त्याला बंद होता. सातपूरकर सर, तुम्ही ज्या मिनिटांबद्दल बोलताय ती त्याला इथे मिळाली असती.

आता आपली मुलं त्या वाटेने येऊ लागली आहेत. अमान संधू मॉनमथ विद्यापीठाकडून खेळला. मुलींत बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोनाला, हरसिमरन कौर सॅन डिएगोला. शिष्यवृत्तीत फी, राहणं, जेवण येतं. पण नववी ते बारावीच्या ठरावीक विषयांचे गुण मोजतात, चार वर्षांत सोळा विषय. म्हणून लेकीची_आई, तुमच्या मुलीची नववी-दहावीची गुणपत्रिका आत्तापासूनच महत्त्वाची आहे. आणि कुठल्याही लीगचा पैशाचा करार करण्याआधी शंभरदा विचार करा, पात्रता अडचणीत येऊ शकते.

या मुलाने बारावी सोडून अकादमीत जाऊ नये. एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. बाकी तुम्ही जवळून बघताय.

द्राक्षवेल

मी पिंपळगाव बसवंतचा, बागायतदार. बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, पण त्या वडिलांचं मन कळतं. अडीच एकर म्हणजे एका गारपिटीत वर्ष जाणारं गणित. घरात एक हात कमी झाला की मजुराचा खर्च वाढतो. ते "पोट भरंल का" विचारतात तेव्हा नुसता पगार विचारत नाहीत, बागेत परत यायची वेळ आली तर पोरगं येईल का, हेही विचारत असतात. सर, त्यांच्याशी बोलताना हे धरून बोला.

पॉईंटगार्ड

द्राक्षवेल काका, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

ओझरकर, बारावीचं पटलं. मी 'जाऊ द्या' म्हणालो ते मागे घेत नाही, पण बारावी झाल्यावर जाऊ द्या. अमृतपाल अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत गावात शेती आणि कबड्डी करत होता, बास्केटबॉल त्यानंतर हातात घेतला. २०१७ ला तो सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये उतरला. सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.

सातपूरकर

रविवारी दिंडोरीला त्यांच्या घरीच जाऊन आलो. धागा छापून नेला होता, वडिलांनी दोनदा वाचला. द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प होते. मग बागेत घेऊन गेले आणि मला म्हणाले, "सर, एप्रिलची खरड छाटणी केली की वेलीवर काही दिसत नाही. नुसत्या काड्या. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती घड निघणार ते त्या काडीत आधीच ठरलेलं असतं. त्या दिवसांत पाणी चुकलं की नंतर काय बी करा. तुमचं ते मिनिटांचं मला असं समजलं."

मी अकरा वर्षांत मुलांना इतकं नेमकं सांगू शकलो नव्हतो.

ठरलं ते असं. अकादमीला नाही कळवलं. बारावी पूर्ण करायची. सराव आठवड्यातून पाच दिवस, पण रोज दिंडोरीला जायचं नाही, तीन दिवस तो माझ्याकडे राहील. आमच्या सौ. म्हणाल्या, दोन पोळ्या जास्त लाटायच्या त्यात काय. घरी असेल तेव्हा सकाळी बागेत वडिलांबरोबर. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकांशी बोललो. त्यांच्या संघात एक सहा-आठचा मुलगा आहे, दुसरा सेंटर नाही. म्हणजे सरावात रोज अंगावर घेणारा माणूस मिळेल आणि सामन्यात अर्धी मिनिटं याची. शहरातल्या स्पर्धा, विद्यापीठ, राज्य संघटनेच्या स्पर्धा मिळून वर्षाला बरेच सामने होतात. वसतिगृह आहे, मेसचे पैसे भरावे लागतील. बारावीची परीक्षा झाली की चाचणीला बोलावलंय, तीन दिवस.

मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. अकादमीचे बूट त्याला खुणावत होते, सतराव्या वर्षी खुणावणारच. थोडा वेळ एकटाच फ्री थ्रो मारत राहिला. पन्नासातले एकतीस गेले. मग येऊन विचारलं, "सर, तो सहा-आठवाला डावखुरा आहे का?" मी प्रशिक्षकांना फोन करून विचारून सांगितलं. डावखुराच आहे. आता रोज मला डाव्या हाताने अडवायला लावतो.

एकच अडचण आहे. चाचणी बालेवाडीच्या बाजूला आहे आणि ते तीन दिवस बाहेरच्या मुलांची राहायची सोय कॉलेज करत नाही. वडिलांची खरड छाटणी नेमकी त्याच दिवसांत, मलाही इतकी सुट्टी मिळणार नाही. तिकडे कुणाच्या ओळखीची स्वच्छ, स्वस्त जागा आहे का?

लेकीची_आई

फार बरं वाटलं वाचून. डॉक्टरांकडे जाऊन आलो, कोर्टाकडेला यांनी म्हटलं तेच निघालं. सहा आठवडे उड्या बंद, शूटिंग चालू. उडीचा व्हिडिओ काढला, डावा गुडघा आत जातो. व्यायाम सुरू केलेत. सासूबाई वेळ लावून बसतात समोर.

कोर्टाकडेला

उत्तम. आजींना सांगा, कंटाळा केला तर मला फोन करा.

औंधकर

सातपूरकर सर, मी आजवर इथे नुसता वाचत होतो. मूळचा सिन्नरचा, पुण्यात नोकरीला, औंधला दोन खोल्यांत एकटाच राहतो. बालेवाडी दुचाकीवर वीस मिनिटं. मुलाला तीन दिवस माझ्याकडे पाठवा, पैशाचं काढू नका. सकाळी मी सोडेन, संध्याकाळी घेऊन येईन. माझा पलंग सहा फुटांचा आहे, त्याला पुरणार नाही. दोन गाद्या जोडून खाली अंथरून देतो. जेवायला काय काय लागतं तेवढं आधी कळवा.